हळदीच्या भरवशावर तंबाखू

...आता ह्याला दूध म्हणावं का भिंतीचा रंग, तुम्हीच सांगा. चार महिने झाले, रोज सकाळी गिलासभर हळदीचं दूध पिऊन राहिलो मी. कशापायी? तर गालाला आतून पांढरा चट्टा दिसला म्हणून. उदगीरचा दाताचा डॉक्टर म्हणला, "शिवमूर्तीअप्पा, हे लक्षण बरं न्हाई, तंबाखू सोडा." आता तीस वर्षं धान्याच्या आडतीवर बसून जी पुडी सुटली न्हाई ती ह्याच्या म्हणण्यानं सुटंल? तेवढ्यात आमच्या मंडळीनं, नीलाबाईनं, मोबाईलवर बघितलं, हळद खाल्ली की कॅन्सर होत न्हाई म्हणं. म्हणलं, झकास... एक गिलास हळद, वर एक चिमूट तंबाखू. गपगुमान पेलो.

मग पोरगी आली, तनुजा, नांदेडला बायोकेमिस्ट्री शिकती. गिलास बघून म्हणती, "आई, हळदीतला गुण रक्तात लई जातच न्हाई. आतडं अन् लिवर मिळून त्याला बदलून बाहेर काढून टाकतात." घ्या, चार महिन्यांचं दूध गेलं. नीलाबाई म्हणली, "मग कसं करावं गं?" "मिरे घाल, तूप घाल, जरा जास्त टिकतं." झालं... दुसऱ्या दिवशी मिऱ्याचा ठसका, वर तुपाचा थर, डोळ्यांतून पाणी. गपगुमान पेलो.

पण डोकं आपलं बी आडत्याचं हाय की. म्हणलं, "बेटा, लिवर हळदीला एवढं हाकलतंय, तर तंबाखूला बी हाकलत असंलच. मग सोडायची कशाला?"

वाटलं, पोरगी हसंल. हसली न्हाई. म्हणली, "अप्पा, हाकलायलाच जातंय ते, पण हाकलता हाकलता तंबाखूतलं काही काही जास्तच जहरी होऊन बसतंय. अन् हळद कितीबी टिकली तरी त्यो चट्टा तिनं जाईल असं मला न्हाई सांगता येत." अन् एवढी शिकलेली पोरगी, तोंड फिरवून रडायला लागली ओ. तुम्हाला सांगतो, डॉक्टरचं भ्या वाटलं नव्हतं, तिचं रडणं बघून वाटलं. पुडी काढली, तिच्या हातात दिली.

आज अकरावा दिवस. डॉक्टर म्हणला, चट्टा ऱ्हायलाच तर तुकडा काढून तपासू. काल नीलाबाईला म्हणलं, "हळदीनं काई होत न्हाई, पोरगीच सांगून गेली, आता हे दूध तरी बंद कर की."

तिनं गिलास पुढं केला. म्हणली, "चट्ट्यासाठी न्हाई हो. तोंडाला गिलास असला की तेवढा वेळ पुडी लागत न्हाई."

घेतला गिलास.