धुकं बघायचं म्हंजे करायचं काय?

…न्हाई, मी म्हणतो, हिमालयात जायला माझा विरोध कदीच नव्हता, उद्या निघू म्हणा, आता निघू म्हणा, आपली पिशवी खुंटीला भरलेलीच असते, पण तिथं करायचं काय, एवढंच विचारून राहिलो तर घरात समद्यांची तोंडं वाकडी! बसा तुमी, बसा, माझ्याकडं बघू नका, मी उभाच बोलतो. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, बसून बोललो की मला शब्दच सुचत न्हाईत.

तर तुमाला सांगतो, पुनमचंद राठोड माझं नाव, पुसेगावच्या अलीकडं आमचा तांडा, मागच्या वर्षी हिंगोली डेपोतून रिटायर झालो. हार घातला, शाल दिली, नारळ दिला अन् घरी पाठवलं. घरी येऊन काय करायचं ते काही कोणी सांगितलं न्हाई. मंग मी अंगणातून मागल्या दारी, मागल्या दारातून अंगणात, दिवसाला चाळीस खेपा. आमची रुख्मिणी म्हणजे मालकीण, ती म्हणायची, "अवो, एका जागी थांबा की जरा, तुमाला बघून बघून माझं डोकं गरगरून राहिलं." आता थांबायचं म्हणलं तर थांबा लागतो, थांब्यावर प्रवासी लागतो, उगच कसं थांबणार माणूस?

बरं, हे हिमालयाचं कुठून निघालं ते ऐका. पोरगी आमची निता, पुण्यात कंपनीत हाय, ती गणपतीला घरी आली. तिच्या मोबाइलवर रुख्मिणीनं एक व्हिडिओ बघितला. कुठं दार्जिलिंगकडचा होता म्हणे. डोंगराच्या उतारावर चहाचे मळे, एक ओसरी, ओसरीत खुर्ची, खुर्चीत एक बाई, हातात कप. झालं, संपला व्हिडिओ. तो तिनं अकरा वेळा बघितला. मी मोजलं, मोजायची सवयच हाय मला. मी म्हणलं, "एवढं काय बघून राहिलीस?" म्हणे, "ती बाई बघून राहिले." म्हणलं, "ती काय करून राहिली असं?" म्हणे, "काहीच न्हाई. म्हणूनच बघून राहिले."

मला वाटलं विषय संपला. कुठला संपतो? दुसऱ्या दिवशी नितानं कागद आणला. "बाबा, आई तुमच्या एकतीस वर्षांत कुठं गेली न्हाई. दिवाळीनंतर आपण तिघं चहाच्या मुलखात जाऊ. सात दिवस. पण हळू जायचं, पळापळ करायची न्हाई." मी कागद घेतला, चष्मा लावला. पहिला दिवस, पोचणं, आराम. दुसरा दिवस, मळ्यातून पायी फिरणं, आराम. तिसरा दिवस, सकाळी धुकं बघणं. अन् खाली कोरं! मी कागद उलटा करून बघितला, म्हणलं मागल्या बाजूला असंल. मागं पण कोरं.

आता मला सांगा, धुकं बघायचं म्हंजे काय? सकाळच्या पहिल्या गाडीवर एवढे हिवाळे काढले मी, धुकं पडलं की काहीच दिसत न्हाई ही गोष्ट समद्या ड्रायवरला ठाव हाय. म्हंजे हिंगोलीहून अकोला, अकोल्याहून हावडा, हावड्याहून न्यू जलपाईगुडी, तिथून डोंगर चढायचा, अन् कशासाठी, तर काहीच दिसू नये यासाठी? बरं, तिथं करायचं काय? निता म्हणे, "बाबा, तिथं छोटी रेल्वे हाय, लई मजा येते, सात-आठ तास लागतात." म्हणलं, किती किलोमीटर? म्हणे, "नव्वदच्या आत." नव्वद किलोमीटरला आठ तास! एवढ्या वेळात मी नांदेडला जाऊन, जेवून, हिंगोलीत माघारी येऊन हिशोबाला उभा राहिलो असतो. अशी गाडी आमच्या डेपोतून सुटली असती तर लोकायनं खाली उतरून धक्का मारला असता.

अन् चहा? तिथला चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा. नुसतं रंगाचं पाणी, त्याचा वास घ्यायचा, मंग घोट घ्यायचा, मंग म्हणे डोळे मिटायचे. रुख्मिणी पण म्हणली, "मला बाई दुधाचाच लागतो." एवढी एक गोष्ट आमची पटली.

मंग मी माझा कागद केला. मी काय असा तसा माणूस हाय का? सात दिवस, एकोणीस ठिकाणं. दार्जिलिंग आगमन नऊ चाळीस, प्रस्थान दहा पाच. चहाचा मळा, दहा मिनिटं, गाडीतून खाली उतरायचं न्हाई. कलिंपोंग, जेवण वीस मिनिटं, ज्याला चूळ भरायची त्यानं भरून घ्यावी. रुख्मिणीनं तो कागद निताकडून वाचून घेतला अन् मला विचारलं, "मला तिकीट फाडून देणार का नुसती डबल बेल मारणार?"

मी म्हणलं, हे बघा, आपलं रक्तच फिरणाऱ्याचं हाय. आपले आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून, धान्य लादून समदा मुलूख फिरले, ते कुठं धुकं बघत बसले होते का? तर पोरगी म्हणते, "बाबा, ते बैलाच्या चालीनं जायचे. त्यांच्याएवढं हळू कोण गेलंय आजवर?" आता शिकलेल्या लेकरासंग बोलायची हीच तकलीफ, मधूनच खरं बोलतेत.

तर शेवटी रुख्मिणीनं निकाल दिला. कदी आवाज चढवत न्हाई ती, भाकरी थापता थापता बोलते. म्हणे, "तुमाला बसता येत न्हाई. तिथं जाऊन तुमी आमाला सात दिवस पळवणार. मंग असं करू, मी अन् निता जातो. तुमी राहा इथं." आता तुमीच सांगा, एकतीस वर्षं ही बाई माझ्या ड्यूटीच्या वेळा सांभाळत बसली, मी म्हणायचो, रिटायर झालो की दोघं जाऊ कुठंतरी, अन् आता जायची वेळ आली तर माझंच सीट कॅन्सल? म्हणलं, "कोण म्हणतंय बसता येत न्हाई? दाखवतो बसून." म्हणे, "दाखवा. उद्या सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत. अंगणात खुर्ची टाकते, समोर आपली हळद हाय, तोच चहाचा मळा समजा. फोन न्हाई, पेपर न्हाई, उठायचं न्हाई. जेवायचं पण तिथंच. बसलात तर तुमचं तिकीट, न्हाई बसलात तर न्हाई."

म्हणलं, सोपं हाय. सोपं? आठ वाजून पाच मिनिटांनी माझे पाय वळवळायला लागले. समोर हळद कमरेएवढी, हिरवीगार, हलून राहिली. हलून राहिली म्हंजे काय, थोडी इकडं, थोडी तिकडं. बरं मंग? पुढं काय? पाच मिनिटं हळद, धा मिनिटं हळद, मी म्हणलं मनात, पुनमचंद, करायचं काय?

साडेआठला शेजारचा विश्वंभर दूध घेऊन चालला होता. थांबला. "कंडक्टरकाका, काहून बसले?" म्हणलं, "बसलो." "न्हाई पण काहून?" "सहज." आता बघा, आमच्या तांड्यात सहज कोणी बसत न्हाई हो! माणूस बसतो तो बिडीला बसतो, न्हाईतर कोणाच्या तेराव्याला बसतो, न्हाईतर पाय मोडला तर बसतो. अन् सहज कोण, तर पुनमचंद, ज्याला बसलेला कोणी एकतीस वर्षांत बघितला न्हाई. विश्वंभरनं माझ्या तोंडाकडं बघितलं, हळदीकडं बघितलं, परत तोंडाकडं बघितलं, अन् दूध तसंच घेऊन पळत गेला.

नऊ वाजता तांड्याचे नाईक आले. काठी टेकत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणले, "पुनमचंद, मनात काय असंल ते बोल, आमी हाओत." म्हणलं, "नाईक, मी चहाचा मळा बघून राहिलो." त्याईनं हळदीकडं बघितलं अन् डोळे पुसले. आत आवाज दिला, "रुख्मिणी, याच्या भावाला कळवलंस का?" रुख्मिणी बाहेर आली, म्हणली, "काही न्हाई झालं त्याईला, बसा, चहा घ्या." चहा पिऊन गेले अन् अर्ध्या तांड्याला सांगितलं, पुनमचंदच्या डोक्यावर परिणाम झाला.

मंग काय! बालाजी कंपाउंडर बीपीची मशीन घेऊन आला, त्याला चहा. दुकानवाला रणजीत ग्लुकोजचा पुडा घेऊन आला, त्याला चहा. बाया आल्या, रुख्मिणीपाशी बसून हळू आवाजात विचारून राहिल्या, "कदीपासून हाय?" ती म्हणे, "आठ वाजल्यापासून." त्याईला चहा. बाराला माझा धाकटा भाऊ देविदास डोंगरकडा गावाहून मोटरसायकल दामटत आला, मागं सोयरा बसवलेला, मधी केळीचा घड. "दादा, मला वळखलं का?" म्हणलं, "अरे, न वळखायला काय झालं, देविदास तू." तर हा सोयऱ्याला म्हणतो, "वळखलं, वळखलं, अजून वेळ गेली न्हाई." त्या दोघायला चहा. अन् मला उठायची सोय न्हाई! उठलो तर हारलो. मी प्रत्येकाला सांगून राहिलो, बाबाहो, मी सराव करून राहिलो, मी हिमालयात जाऊन राहिलो. अन् हिमालयाचं नाव काढलं की बाया पदर तोंडाला लावून राहिल्या. त्याईला वाटलं, हा संन्यास घेतो!

तीन वाजेपर्यंत मी माणसं मोजली. चव्वेचाळीस बसलेले, अकरा उभे. बराबर भरलेली गाडी होती, अंगणात. अन् मी पहिल्यांदा गाडीत बसून होतो, मंग माझ्या ध्यानात आलं, तिकिटं कोण फाडून राहिलंय? रुख्मिणी. सकाळपासून ती आत-बाहेर, आत-बाहेर, हातात ताट, ताटात कप. पंचावन्न माणसं म्हंजे पंचावन्न कप, काहीजणांनी दोनदा घेतला तो वेगळा. निता कपबश्या धुऊन राहिली होती, पातेल्यापाशी मात्र आईच.

परत ती ताट घेऊन आली, माझ्यासमोर थांबली. रागात नव्हती, तिचा राग मला मालूम हाय, राग असता तर बरं झालं असतं. म्हणली, "आज सराव तुमचा होता अन् उभी मी राहिले." मंग म्हणली, "मला तो मळा बघायचा न्हाई, धुकं पण बघायचं न्हाई. त्या व्हिडिओतल्या बाईच्या हातात कप होता ना, तो तिनं केला नव्हता. कोणीतरी करून दिला होता. तेवढ्यासाठी जायचं होतं मला."

तुमाला सांगतो, लई लाज वाटली मला. आयुष्यभर पहाटे निघायच्या आधी माझ्या हातात कप आला, मी कदी विचारलं न्हाई हा येतो कुठून. तीन वाजून धा मिनिटांनी मी उठलो. हारलो तर हारलो. तिच्या हातातून ताट घेतलं, तिला म्हणलं बस, अन् सरळ सैपाकघरात गेलो.

अंगणात समद्यांच्या माना सैपाकघराकडं वळल्या. मंग देविदासचा आवाज, "चहा करायला गेला दादा? गाडी काढा! हिंगोलीला न्यावं लागतंय!"

मी आत उभा. अन् पत्ती कुठाय? हा डबा उघडला, तिखट. तो उघडला, हळद. तिसऱ्यात जिरं. चहाच्या मुलखाचं एकोणीस ठिकाणांचं टाइमटेबल लिहिणारा माणूस मी, माझ्या घरात चहाची पत्ती कुठं राहते ते मला ठाव न्हाई! शेवटी नितानं डबा हातात दिला अन् हासली. दूध ठेवलं. आता दूध ठेवलं की माणसाला तिथून हालता येत न्हाई, हे मला कोणी सांगितलं होतं का? मी एकदा दारापर्यंत जाऊन आलो, दूध तसंच. दुसऱ्यांदा जाऊन आलो, तसंच. तिसऱ्यांदा दारातून बाहेर बघितलं, तर रुख्मिणी माझ्या खुर्चीत बसली होती. पाय वर घेऊन. पंचावन्न माणसं बाजूला असून हळदीकडं बघून राहिली होती, काहीच करत नव्हती. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, मी तिला असं बसलेलं कदी बघितलं नव्हतं. मी बघतच राहिलो, अन् मागं दूध उतू गेलं.

उरलेल्या दुधाचा एक कप झाला. तो मी तिला नेऊन दिला. ती प्यायली, म्हणली, "पत्ती कमी, साखर लई." मंग अजून एक घोट घेऊन म्हणली, "पण गरम हाय." निता म्हणे, "आई, बाबा उठले, नापास." रुख्मिणी म्हणली, "येऊ दे त्याईला."

तर आमचं तिकीट झालं, तिघायचं, दिवाळीनंतर आठव्या दिवशी. काल नितानं नवा कागद पाठवला. मी चष्मा लावून बघितलं, पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस, कुठंच कोरं न्हाई. प्रत्येक दिवसाखाली लिहिलंय, सकाळी सहा, बाबांचा चहा. दुपारी तीन, बाबांचा चहा. अन् त्या समद्या डोंगरातल्या खोल्या सोडून पोरीनं नेमकी सैपाकघर असलेली धरली. ओसरीत खुर्ची हाय म्हणे, एकच. मी इतके दिवस विचारून राहिलो होतो ना, तिथं करायचं काय, तिथं करायचं काय… धुकं ती बघणार हाय. मी दुधाकडं बघायचं.