नाइलाजाचा वारस

अल खोरहून दोह्याला निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये मृणालिनीने झोपेचं सोंग चोख वठवलं होतं. कान मात्र मागच्या बाकावर इतिहासाची उजळणी करणाऱ्या मुलीकडे होते.

"चाचा, रोमच्या ऑगस्टस बादशहानं बायकोच्या पहिल्या लग्नाचा मुलगा वारस केला."

"का?"

"त्याचे स्वतःचे नातू वारले ना! म्हणजे नाइलाजानं."

"हं."

"तुम्ही अम्मीशी निकाह केलात, तेव्हा मीपण नाइलाजानंच आले?"

"अम्मीचा व्हिसा आधी आला होता, हिबा. तुझा अडला. मीच म्हटलं, येतील तर दोघी येतील. आठ महिने थांबलो."

"मला कुणी सांगितलंच नाही!"

"तू विचारलंस कुठे?"

"शुक्रन, अब्बा. आता पुढचा बादशहा विचारा."

"खलास ते बादशहा. आत्ता काय म्हणालीस, ते परत म्हण."

"शुक्रन?"

"त्याच्या पुढचं."