घोड्यावरचा संसार

सांगून कुणाला पटणार नाही, पण काल वडूजच्या स्टँडवर माझ्या शेजारी एक अनोळखी म्हातारं जोडपं बसलं होतं. बंगला विकायच्या सहीला निघालेलं.

"कर्ज फिटंल गं, पण सहा खोल्यांतला संसार दोन खोल्यांत मावंल व्हय?"

"आवं, तुमच्या आईचा संसार मेंढरांमागं एका घोड्यावर मावायचा."

"लोक हसतील."

"बंगला बांधला तवाबी हसलंच की."

"आन देव कुठं मांडायचं?"

"तेबी घोड्यावरनंच आल्यात. दोन खोल्या लय झाल्या त्यास्नी."

"मग त्यो म्हातारा हसत उठला आन सही करून आला," मी पारावर सांगून टाकलं.

"बिराप्पाआबा," गुंडा म्हणाला, "मी मागच्याच बाकड्यावर हुतो. काकी कचेरीकडं चालत गेल्या, आन तुमी गुपचूप परतीच्या गाडीत बसला."