फीड आली दारी, अण्णांना विचारी

मंडळी, ऐका! अलकनंदाची मुलाखत हुकली.

नाही, थांबा. मी काही बोललोच नाही. मृदंगवाले बुवा, तुम्ही काही ऐकलंत? नाही ना? मग झालं. अजून काहीही हुकलेलं नाही. आपण प्रश्नापासून सुरुवात करू.

प्रश्न असा — देव स्वतः उंबऱ्यावर येऊन उभा राहिला, तर माणूस पहिल्यांदा काय करेल? पाया पडेल? माना हलवताय. हलवा, हलवा. गोष्ट संपेपर्यंत थांबतील.

तर मालेवाडीत अलकनंदा गव्हाणे नावाची सून. अंगणवाडीत मदतनीस. खिचडी हिने शिजवायची, पोरांची नाकं हिने पुसायची, गाणीही हिनेच शिकवायची — आणि सेविकेच्या खुर्चीत दुसरी! ती सेविका निवृत्त झाली, खुर्ची रिकामी पडली. मुलाखत तालुक्याला, एकदाच. चुकली की खुर्ची गेली. आणि तारीख? ती कार्यालयाच्या साइटवर येणार.

साइटवर नजर ठेवायचं काम गावाने अण्णांना दिलेलं. अण्णा म्हणजे अलकनंदाचे चुलत सासरे, गावातलं बडं प्रस्थ. त्यांनी पाडव्याच्या मुहूर्तावर ती साइट मोबाइलवर उघडली — आणि मंडळी, पुन्हा बंदच केली नाही! देव्हाऱ्यात समईशेजारी मोबाइल, कायम चार्जिंगला. सकाळी पूजा झाली, की साइटच्या त्या पानाला लांबूनच हळदकुंकू वाहायचं, पान निरखायचं आणि जाहीर करायचं, काही नवीन नाही. पान नव्याने उघडल्याशिवाय नवं दिसत नाही, हे सांगायला एक जण गेला होता. अण्णा त्याला म्हणाले, अखंड दिवा कुणी विझवून परत लावतं का? तो समईला नमस्कार करून परतला. खरं सांगू? मीसुद्धा तेच केलं असतं.

इकडे अलकनंदाची नणंद ऋतुजा माहेरपणाला आली. तिने वहिनीला सांगितलं, साइटच्या मागे तू लागू नकोस, साइटलाच तुझ्याकडे येऊ दे. साइटच्या तळाशी एक बारकी केशरी खूण होती — फीडची. फीड म्हणजे काय हो? रतीब! म्हशीने दूध दिलं का, हे बघायला आपण रोज गोठ्यात जाऊन बसतो का? दूध दारात येतं! तसं साइटवर नवीन काही पडलं, की ते आपल्या मोबाइलमधल्या ॲपात आपसूक हजर. ऋतुजाने ॲप घातलं, फीड जोडली आणि सासरी निघून गेली.

सोमवारी दुपारी अलकनंदा पातेलं घासत होती. मोबाइल वाजला. मुलाखत गुरुवारी, सकाळी अकराला. झालं की नाही काम? आता तयारीला लागायचं ना?

नाही! ही बाई मोबाइल घेऊन कुठे गेली? अण्णांकडे!

अण्णांनी तिचा मोबाइल पाहिला. मग देव्हाऱ्यातला पाहिला.

"इथं तर काही नाही."

"पण अण्णा, यात आलंय की."

"सूनबाई, पाडव्यापासून पान माझ्यासमोर उघडं आहे. मला आधी कळेल की तुला?"

सासूबाईंचं म्हणणं पडलं, की अण्णा नाही म्हणत असताना जाणं म्हणजे त्यांचा अपमान. नवऱ्याने गावच्या ग्रुपवर टाकायला सांगितलं. तिने टाकलं. तिघांनी ते खोटं ठरवलं, एकाने गुलाबाचं फूल पाठवलं. मंगळवार, बुधवार याच्यातच गेले.

तरी गुरुवारी ती इस्त्रीची साडी नेसून थांब्यावर आली हो! पिशवीत सगळी प्रमाणपत्रं. समोर एसटी उभी. कंडक्टर म्हणाला, "बाई, येताय का?" आणि ही काय म्हणाली?

"विचारून सांगते."

फोन लावला. अण्णा, आलं का? अण्णांनी देव्हाऱ्यात डोकावून सांगितलं, नाही. कंडक्टरने घंटी मारली. एसटी गेली.

शुक्रवारी गावाची वीज गेली. देव्हाऱ्यातला मोबाइल मान टाकून पडला. वीज आल्यावर अण्णांनी तो चालू केला, पान नव्याने उघडलं — आणि त्यांनी तत्परतेने ग्रुपवर कळवलं, सूचना आत्ताच प्राप्त झाली आहे. सगळ्या ग्रुपने हात जोडले. अण्णा आहेत म्हणून गावाला कळतं तरी!

अलकनंदा त्यांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली.

"अण्णा, मला सोमवारीच कळलं होतं."

अण्णांनी चष्मा काढला. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं.

"मग गेली का नाहीस?"

मंडळी, ती खिचडीचं पातेलं चढवायला परत गेली. पुढल्या आठवड्यात नवी सेविका आली, खुर्चीत बसली. खिचडी छान झालीये म्हणाली.

हसताय? अण्णांना हसताय ना? देवाकडून तुमच्या आत रोज एक सूचना येऊन पडते — हे कर, हे सोड, आता नीघ. आपसूक येते. तुम्ही ती वाचताही. आणि मग फोन लावता! ती ‘विचारून सांगते’ म्हणाली म्हणून हसलात, तुम्ही तरी गेल्या खेपेला कंडक्टरला काय म्हणालात?

तुम्ही काही सुधारणार नाही. म्हणून या व्यासपीठावरून वैकुंठ कार्यालयास सविनय विनंती करण्यात येते, की यापुढे कोणत्याही भक्ताच्या अंतःकरणात सत्य पाठवताना त्याची एक प्रत संबंधित भक्ताच्या चुलत सासऱ्यांना आगाऊ देण्यात यावी, त्यांची लेखी पोच घेण्यात यावी, आणि पोच मिळेपर्यंत तालुक्याची एसटी थांब्यावरच रोखून धरण्यात यावी. कळावे.