दोरीचा टोल

...आणि खड्डा चुकवायचा म्हणजे चुकवायचा कुठं, तुमीच सांगा, एक चुकवावा तर दुसरा तिथंच बसलेला, दुसरा चुकवावा तर समोरून ट्रॅक्टर, ट्रॅक्टरला जागा द्यावी तर चाक कडंच्या चारीत, आणि मागून काका म्हणणार, "हळू घे बे, पेढे फुटतेत." आता मी काय बोलणार? मी आपला गप. स्टेअरिंग धरून.

पेढे कावून होते ते सांगतो. पोरगी बघायला चाललो होतो. दुसऱ्या कुणासाठी न्हाई, माझ्यासाठी. मी प्रविण, नेकनूर ते बीड जीप चालवतो, नववीत शाळा सोडली तेव्हापासून हेच. आता जीपमधे शिटं भरताना बोलावं लागतं तेवढं बोलतो, "सरका, सरका," पण पाव्हण्यांत बसलं की माझी जीभ टाळूला चिकटती. याच्या आधी दोन ठिकाणी जाऊन आलतो, दोन्हीकडं मी खाली मान घालून बसलो, आणि एका घरून तर निरोप आला की पोरगा चांगला हाय, पण मुका तर न्हाई ना? म्हणून या तिसऱ्या बारीला, नांदूरघाटच्या मोहनरावांची मनिषा बघायला निघालो तर माझी आई विमलबाई उंबऱ्यातच म्हणाली, "बाबा, आज तोंड उघड. काही सुचलं न्हाई तर निदान पाणी तरी माग."

बरं, तुमी म्हणाल डांबरी रस्ता सोडून या बैलगाडीच्या वाटेला कावून गेलतास? मी गेलो न्हाई हो. मला नेलं. आमचे काका, भगवानराव, माझ्या वडलांच्या माघारी घरातले कारभारी, यांचं आणि टोलनाक्याचं जुनं वाकडं हाय. पूर्वी नाक्यावर माणूस असायचा, काका काच खाली करून म्हणायचे, "ओळखलं न्हाई का बे?" आणि तो बिचारा ओळखायचा. आता मशीन आलं. मशीनला कुणाची ओळख सांगणार? काकांनी एकदा सांगून बघितली, मागं गाड्यांची रांग लागली, शेवटी पैसे गेलेच, तेव्हापासून काचेवरचं फास्टॅगचं स्टिकर त्यांनी नखानं खरवडून काढलंय आणि आमी नाका लागायच्या आधी शेतातल्या वाटेला लागतो.

"गाडी घेताना टॅक्स दिला का न्हाई?" काका मागून चालूच. "दिला. डिझेलमधे देतो का न्हाई? देतो. मग चालवायचाबी द्यायचा? उद्या हॉर्न वाजवायचा मागतेल."

आता मला विचाराल तर काकांचं निम्मं खरं हाय, आणि निम्मं असं की रस्ता चांगला असला तर मी गुमान देतो, टायर वाचतं, स्प्रिंगचे पाटे वाचतेत, शिटं शिव्या देत न्हाईत. पण मला विचारतंय कोण. मी आपला गप. स्टेअरिंग धरून.

तर अशी जीप खुळखुळत चाललेली, आईनं डोळे मिटून नारळाची पिशवी पोटाशी धरलेली... आणि एकदम खुळखुळाट बंद. गाडी लोण्यावरून चालल्यासारखी. आईनं डोळे उघडले, म्हणाली, "पोचलो का?"

पोचलो न्हवतो. पुढं दोन बाभळींच्या मधी आडवी दोरी, दोरीला लाल चिंध्या, बाजूला बाज, आणि बाजेवर एक म्हातारी दोरीचं टोक हातात धरून बसलेली. टोल चुकवणाऱ्यांची एवढी वर्दळ वाढलेली की तिनं आपल्या शेताच्या कडंनं मुरूम टाकून वाट चोपून घेतलेली आणि वर स्वतःचा नाका उघडलेला. चुकवायला गेलो टोल आणि घुसलो टोलात.

"गाडीचे द्या अन् जावा," म्हातारी म्हणाली. "मुरूम मी टाकलाय."

काका खाली उतरले. "बाई, मला ओळखती का?"

"न्हाई."

"नेकनूरचा भगवानराव. पुढाऱ्यांच्या गाडीत बसणारा माणूस हाय मी."

"मग आज कावून उतरवला?"

मला हसू आलं, ते मी आरशात बघून गिळलं. पण काका हटणारे न्हाईत. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला, आवाज पाडला आणि म्हणाले, "मयतीला चाललोय, बाई. सोडा."

आता आमच्याकडं मयतीची गाडी कुणी आडवत न्हाई, म्हातारीनं लगेच दोरी सैल सोडली. तिथंच गुमान बसायचं का न्हाई गाडीत? पण मयत म्हटल्यावर माणूस विचारणारच.

"कोणत्या गावाला?"

"नांदूरघाट."

"कुणाकडं?"

काकांना अख्ख्या नांदूरघाटात एकच नाव ठाऊक. "मोहनरावांकडं."

"कोण गेलं?"

आणि तुमाला सांगतो, इथं एखादी आजारी चुलती सांगितली असती तरी भागलं असतं, पण काकांचं खोटं कधी बारीक नसतं. "खुद्द मोहनरावच. सकाळी. बसल्या जागी."

सासरा हो. माझा होणारा सासरा. पोरगी बघायच्या आधी मारला. आणि मी? मी आपला गप, स्टेअरिंग धरून...

म्हातारीच्या हातातून दोरीचं टोक गळून पडलं. "माझा मोहन?" म्हणाली. "आज पोरीला पाव्हणे यायचेत म्हणून मला बोलावलंय की रे त्यानं... मी थोरली बहीण बसले इथं, अन् त्याला नेला..."

काका पांढरेफट. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "गाडी काढ."

काढू कशी? म्हातारी उठून जीपच्या मागच्या दाराला येऊन लोंबकळलेली, "मलाबी घेऊन चला, वत्सलानं तोंड न्हाई बघितलं असं नको व्हायला." मी उतरून दार उघडलं, तर आत आई, नव्या इरकली लुगड्यात, मांडीवर पेढ्याचा पुडा, शेजारी नारळ.

म्हातारी रडायची थांबली. "मयतीला पेढे?"

"ते... दुसऱ्या गावचे हाइत," काका म्हणाले.

आता तो आवाज कुठून आला मला ठाऊक न्हाई. पण माझाच होता. "आत्या, मोहनराव जित्ते हाइत. ते पाव्हणे आमीच. पोरगी बघायला मीच आलोय. काका खोटं बोलले, तुमचे पैसे चुकवायला."

म्हातारी माझ्याजवळ आली. "परत म्हण."

"मोहनराव जित्ते हाइत."

"आणखी एकदा."

मी आणखी म्हणालो. मग ती बाजेवर बसून हमसून रडली, हसली, माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली, आणि मग पायातली चप्पल काढून काकांकडं वळली. काका जीपला वळसा घालून पलीकडं. आईनं आजवर दिराला उलटून शब्द दिलेला न्हाई, पण त्या दिवशी म्हणाली, "भावजी, द्या त्यांचे पैसे अन् बसा गुमान." काका बसले. वत्सलाबाई पुढं, माझ्या शेजारी. सगळ्या रस्त्यानं एक शब्द बोलल्या न्हाईत, आणि माझं मन म्हणत होतं, झालं, तिसरं स्थळबी गेलं, घरात पाय टाकला की ही बाई सगळं सांगणार.

मोहनराव दारातच उभे, टोपी घालून, चांगले धडधाकट. बाई उतरल्या आणि धावत जाऊन भावाला मिठी. खांदे चाचपले, तोंड चाचपलं, डोळ्याला धार.

"आक्का, काय झालं?"

मी जीपची किल्ली परत हातात घेतली. काका तर चपला घालायला लागले, ज्या त्यांनी अजून काढल्याच न्हवत्या.

"काय न्हाई," वत्सलाबाई म्हणाल्या. "धूळ गेली डोळ्यात. रस्ता का रस्ता हाय त्यो?"

तुमाला सांगतो, आजवर मी या रस्त्यांना लई शिव्या दिल्या, त्या दिवशी मनातल्या मनात एकेका खड्ड्याच्या पाया पडलो.

मग चहा आला. मनिषानं आणला. मी नेहमीसारखा खाली मान घालून. मोहनराव म्हणाले, "पाव्हणं बोलत न्हाईत का?"

"बोलतो," आत्या म्हणाल्या. "बोलायची वेळ आली की बोलतो. मी ऐकलंय." मी वर बघितलं, तर मनिषा माझ्याकडंच बघत होती. मी म्हणालो, "पाणी मिळंल का?" ती हसली, तांब्या घेऊन आली, आणि आत जाऊन हो म्हणाली. पेढे फुटले होते, पण सगळ्यांनी चमच्यानं खाल्ले.

परतताना आत्यांना शेतावर सोडलं. उतरल्या, सरळ बाभळीकडं गेल्या, आणि आमच्या जीपपुढं दोरी ताणून उभ्या.

"आत्याबाई," काका म्हणाले, "आता तर सोयरे झालो की."

"सोयरीक घरी. हितं मुरूम हाय."

काकांनी दिले. मुकाट्यानं. मग त्या माझ्या खिडकीशी आल्या, लई मायेनं म्हणाल्या, "जावईबापू, आता तुमचं येणं-जाणं वाढायचं, दर बारीला सुटे कुठं शोधता? महिन्याचा पास करून घ्या."

लग्नाची तारीख अजून निघायचीय. पास निघाला.