दारावरचा लेन

डब्बो गावातल्या, गाड्यांवर नावं चिकटवून देणाऱ्या दुकानाच्या शेडमध्ये ट्रूडीच्या ट्रेलरवर नवी अक्षरं चिकटेपर्यंत तिला बसून राहायचं होतं. शेजारच्या निळ्या ट्रकपाशी मालकीण बेव्ह आणि ट्रकवाला कीथ बोलत होते. ट्रकच्या दारावर ठळक अक्षरं होती, ‘लेन आणि कीथ’. ट्रूडीचे कान तिकडेच लागले.

“लेन काढायचं?”

“हो. ‘आणि’ पण काढ.”

“वारला की काय रे?”

“चांगला धडधाकट आहे. दुसऱ्यांची गाडी चालवतो आता.”

“सख्खा भाऊ ना तुझा?”

“बेव्ह, तू अक्षरं काढ.”

बेव्हने गरम हवा मारली, नखाने कड उचलली आणि ‘लेन’ अलगद सोलून काढलं.

“हे काय? नाव तर अजून दिसतंय.”

“दिसणारच. सतरा वर्षं तिथे ऊन लागलं नाही. बाकीचं दार विटलं, तेवढाच रंग नवा राहिलाय.”

“मग पुसून टाक की.”

“पुसायचं काय? ट्रकचाच रंग आहे तो. अख्खं दार रंगवावं लागेल.”

“नाहीतर वर दुसरं काहीतरी चिकटव.”

“काय चिकटवू, सांग.”

कीथने दारावरच्या त्या नावावरून बोट फिरवलं. मग त्याने खिशातून फोन काढला. ट्रूडीने चहाचा कप तोंडापाशी तसाच धरून ठेवला.

“लेन? मी बोलतोय... नाही रे, भांडायला नाही केला. कुठे आहेस तू?... मग जरा वाट वाकडी करून ये. तुला एक दाखवायचंय.”