निम्मी मर्यादा डोरीनची

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा पेगी ड्वायर, व्यासपीठावर बसलेले आपल्या कर-मदत केंद्राचे व्यवस्थापक ग्लेन साहेब, आज ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या अर्लीनबाई टकर, आणि घरून भांडी भरभरून जेवण आणलेल्या तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. अर्लीनबाईंनी या वाचनालयाच्या तळघरात बावीस वर्षं लोकांची करविवरणपत्रं फुकट भरून दिली. ते पाच मिनिटांत कसं सांगणार? म्हणून एकच दुपार सांगते.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. त्यामुळे घरी येणारं प्रत्येक सरकारी पत्र माझ्या हातात पडतं. जणू कॉलेजात सगळंच शिकवतात. गेल्या वर्षी मार्चमध्ये आईला, म्हणजे डोरीनला, मीच इथे घेऊन आले. ती पावाच्या कारखान्यात भट्टीपाशी उभी राहते. गुडघ्याची शस्त्रक्रिया दोनदा पुढे ढकललेली. त्यासाठी तिने जादा पाळ्या करून आरोग्य बचत खात्यात पाच हजार डॉलर साठवले होते. या खात्यात उपचारासाठी ठेवलेल्या पैशांवर कर लागत नाही, पण वर्षाला किती भरायचे याला मर्यादा असते. वडील वेगळे राहतात. कोर्टाचा कागद नाही, त्यामुळे कायद्याने लग्न शाबूत, फक्त विवरणपत्रं वेगळी. त्यांनी त्यांच्या खात्यात कुटुंबाची अख्खी मर्यादा भरली होती, आठ हजार तीनशे. विवरणपत्रं वेगळी, तर मर्यादाही वेगळी, असं दोघंही धरून चालले होते. या गावात असं धरणारे ते पहिले नव्हेत. मान डोलावणारे मला इथून दिसताहेत.

ग्लेन साहेबांनी कागद बघून सांगितलं, मर्यादा दोघांत मिळून एकच, नवऱ्याने ती संपवली, तेव्हा तुम्ही तुमचे सगळे काढून घ्या, वाद नको. आई उठलीच होती. सगळे काढले की त्यावर कर, आणि गुडघा तिसऱ्यांदा पुढे.

अर्लीनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "बस, डोरीन. चूक तुझीही आहे. फॉर्म दोन झाले म्हणून मर्यादा दोन होत नाहीत. साडेआठशे काढायचे, त्यांवर मिळालेलं व्याजही. त्यापुढे एक डॉलरसुद्धा नाही."

"पण नवरा म्हणतो, मर्यादा एकच असेल तर सगळी त्याची धरायची."

"तू हो म्हणालीस?"

"अजून नाही."

"मग निम्मी तुझी, चार हजार एकशे पन्नास. नवराबायकोने वेगळं काही ठरवलं नसेल तर कायदा निम्मं-निम्मंच करतो. त्याने आधी भरले म्हणून तुझं संपत नाही."

आईने तिथूनच वडिलांना फोन लावला. ते चिडले नाहीत, समजावत राहिले. जादा रक्कम काढली नाही तर दरवर्षी सहा टक्के दंड बसेल, मग उगाच कशाला ताणतेस, एक हो तर म्हणायचंय.

आई म्हणाली, "पंचवीस वर्षं हो म्हणतेय, क्लेटन. हे नाही."

एवढंच. वडिलांना त्यांचा जादा निम्मा हिस्सा काढावा लागला. ईस्टरला ते जेवायला आले नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटलं, हे लपवत नाही. पण जूनमध्ये गुडघा झाला. आई आज तिसऱ्या रांगेत आहे. बटाट्याचं भलंमोठं भांडं घेऊन तळघराचा जिना ती काठीशिवाय उतरली.

मी नंतर नियम स्वतः वाचला. त्यात अवघड काही नाही. मग बायकांनाच आधी काढून घ्यायला का सांगितलं जातं? त्या भांडत नाहीत म्हणून?

अर्लीनबाई, येत्या जानेवारीपासून तुमच्या खुर्चीवर मी बसणार आहे. त्या टेबलावर केंद्राने एक छापील सूचना चिकटवली आहे: जोडीदाराशी वाद असल्यास रक्कम काढून घेण्याचा सल्ला द्यावा. तुम्ही बावीस वर्षांत असा सल्ला कुणाला दिला नाहीत. मीही देणार नाही.

बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे आणि मला शिकवल्याबद्दल अर्लीनबाईंचे मनापासून आभार. वेळ जास्त घेतला, एखादा शब्द कमी-जास्त झाला, तर लहान समजून पोटात घाला. सूचनेची मात्र माफी मागत नाही, ग्लेन साहेब. ती मी सकाळीच खरवडून काढली. माझ्या पर्समध्ये आहे. केक कापून झाला की तुमची तुम्हाला परत देते.